पोषण हा धोरणाचा प्रश्न आहे

जनतेचे आरोग्य तिच्या खाण्याच्या सवयींवर अवलंबून असते, असे राज्यकर्ते वारंवार सांगतात. डाळी खा, भाज्या खा, असा उपदेश गरिबांना केला जातो. परंतु ताटात काय पडणार हे खाणाऱ्याच्या इच्छेपेक्षा त्याची मजुरी, बाजारभाव आणि सरकारचे धोरण हीच ठरवीत असतात. चेन्नईच्या उत्तरेकडील एन्नोरची स्थिती या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

तामिळनाडूत कामराज यांच्या कारकिर्दीत १९५६ साली शाळांतून दुपारचे जेवण सुरू झाले. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन सरकारने त्याचा मोठा विस्तार केला. केंद्राने १९९७ साली रेशनव्यवस्थेत गरीब आणि बिगरगरीब अशी विभागणी केली, तरी या राज्याने रेशन सर्वांसाठी खुले ठेवले. २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत न्याहारीही मिळू लागली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वाढ खुंटलेल्या बालकांचे प्रमाण देशात ३५.५ टक्के, उद्योगप्रधान महाराष्ट्रात ३५.२ टक्के, तर तामिळनाडूत २५ टक्के होते. यात शिक्षण व आरोग्यसेवेचाही वाटा आहे. पण तीही धोरणाचीच फळे होत.

तथापि त्याच पाहणीनुसार तामिळनाडूतील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आहेत. तांदळाने पोट भरते, रक्त भरत नाही. त्यासाठी डाळ, अंडी, भाजी, मासळी हवी. एन्नोरच्या मच्छीमारांना ही मासळी कोसस्तलैयार नदीची खाडी देत असे. १९७० साली तेथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. ते २०१७ साली बंद पडले, परंतु १९९० च्या दशकात उभे राहिलेले उत्तर चेन्नई केंद्र चालूच आहे. गळक्या नळांतून राख खाडीत साचत गेली. जानेवारी २०१७ मध्ये बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले. डिसेंबर २०२३ च्या पुरात मणलीकडून तेल वाहत आले, आणि त्याच महिन्यात खतकारखान्याच्या समुद्रातील नळातून अमोनियाची गळती झाली. जाळी खराब झाली, मासळी घटली. म्हणजे अन्न खाते एका हाताने तांदूळ देते आणि वीज व उद्योग खाती दुसऱ्या हाताने कालवणाची कोळंबी काढून घेतात.

महाराष्ट्राने यातून धडा घ्यावयास हवा होता. उलट जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शालेय आहारातील अंड्यांसाठीचा निधी बंद केला, आणि ती लोकवर्गणीतून द्यावीत असे शाळांना सुचविले. मुलांचे पोषण हा हक्क आहे. ते दानशूरांच्या मर्जीवर सोपविता येणार नाही.

म्हणून रेशन सार्वत्रिक करा, त्यात डाळ व तेल द्या, शाळेतील अंडे परत आणा आणि खाडी नासविणाऱ्यांकडून ती साफ करून घ्या, या मागण्या एकत्रितपणेच मांडल्या पाहिजेत. रेशनचा लढा आणि खाडीचा लढा हे दोन लढे नव्हेत. ताट एकच आहे.