सनद कोणी दिली, तेही लिहा

पानिपतावर घरातलं कोण पडलं, हे मराठी घराण्यांना पाठ असतं. १८१८ साली घरातलं कोण कोणाच्या बाजूला उभं राहिलं, असं विचारलं की मात्र बैठकीतला आवाज खाली येतो. हा प्रश्न विचारायला हवा आणि त्याचं उत्तर कुलवृत्तान्तात छापायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

आधी त्या वर्षी काय घडलं ते सांगते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि दुसरे बाजीराव फौजेसह मुलूखभर फिरू लागले. ११ फेब्रुवारी १८१८ ला कंपनीच्या एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. बाजीरावांची चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आत घरी परतावं. वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानांची उत्पन्नं पूर्ववत चालतील. जे जहागीरदार परतणार नाहीत, त्यांच्या जमिनी जातील. पुढच्याच आठवड्यात आष्टीला बाजीरावांचे सेनापती बापू गोखले पडले. कितीतरी घरांना ठरवावं लागलं, धनी की जमीन.

माझ्या माहेरच्या घराण्यात दोन भावांनी दोन उत्तरं दिली. दोघेही पेशव्यांच्या पागेकडचे कारकून. थोरले मुदतीत सासवडजवळच्या गावी परतले. धाकटे बाजीरावांबरोबरच राहिले. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले, वर्षाला आठ लाखांचं पेन्शन ठरलं आणि शेवटी कानपूरजवळ गंगाकाठी, बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्ताला, कायमचा मुक्काम पडला. आमच्या कुलवृत्तान्तात थोरल्यांच्या शाखेला भरपूर पानं आहेत. धाकट्यांना एक ओळ : 'उत्तरेत गेले, पुढील माहिती नाही.'

या असमतोलाचं कारण दिल्लीत राहू लागल्यावर मला कळलं. थोरल्यांचे कागद टिकले, कारण सरकारने ते वारंवार मागितले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं, तेव्हा प्रत्येक इनामदाराला हक्क शाबीत करावा लागला. कोणाकडून मिळालं, कधीपासून भोगवटा, वारस कोण, सगळं लिहून द्यावं लागलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल उघडून दावे ताडून पाहिले गेले. पुढे १८६३ च्या कायद्याने सनदा आल्या. आमची सनद काच लावून गावच्या माजघरात होती. १९५२ च्या कायद्याने इनाम गेलं, तरी ती भिंतीवरच राहिली. राज्यकर्त्याशी ज्याने जुळवून घेतलं त्याची वंशावळ राज्यकर्त्यानेच जपली. धाकट्यांना असं विचारायला कोणी आलं नाही.

आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरपासून राष्ट्रीय अभिलेखागार लांब नाही. मेट्रोने हौज खासला गाडी बदलायची, केंद्रीय सचिवालयाला उतरायचं, पुढे जनपथावर चालत. बिठूरला बाजीरावांवर नजर ठेवायला कंपनीने कमिशनर नेमला होता. जॉन लो त्यांतला पहिल्या वर्षांतला. कंपनीच्या परराष्ट्र खात्याच्या कागदांत बाजीरावांनी कोणाशी पत्रव्यवहार केला, किती लग्नं केली, कोणाला पदरी ठेवलं, सगळ्याची नोंद आहे. त्यात कारभारी आहेत, सुभेदार आहेत. पागेचा कारकून नाही. इतक्या लहान माणसाची कंपनीला भीती नव्हती.

तो सापडला ब्रह्मावर्ताच्या घाटावर, तीर्थोपाध्यायांच्या वहीत. लांबट, लाल कापडाच्या बासनात बांधलेली, पानं आडवी नव्हे तर वर उलटायची. मोडीत चार ओळी, शाई तपकिरी झालेली. आईच्या अस्थी घेऊन आलो, मूळ गाव अमुक, हल्ली वस्ती ब्रह्मावर्त, श्रीमंतांच्या पदरी. खाली सही, 'र' ची शेपटी थोरल्यांच्या इनाम कमिशनकडच्या अर्जातल्या सहीत आहे तशीच लांब ओढलेली. एकाच पंतोजीकडे शिकलेले दोन भाऊ. आणि सहीच्या खाली, दुसऱ्या कोणाच्या हातची अर्धी ओळ : 'समागमे माणसे दोन, कुणबीण एक.'

आईच्या अस्थी सासवडहून गंगेपर्यंत कोणी पोचवल्या? थोरल्यांनीच पाठवल्या असणार, दुसरं कोण पाठवणार? म्हणजे भावाभावांत राजकारणावरून वैर आलेलं नव्हतं. निदान मी तरी त्या चार ओळी तशा वाचते.

१८५७ च्या उठावानंतर त्या वहीत आमचं नाव नाही. त्या वर्षी जुलैमध्ये इंग्रजांनी बिठूरचा वाडा उद्ध्वस्त केला आणि डिसेंबरात होप ग्रँटच्या सैन्याने विहिरी उपसून बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांचा खजिना काढला. त्यानंतर कानपुरात आपण पेशव्यांच्या माणसांपैकी आहोत, असं कोण सांगणार होतं?

माझे चुलतभाऊ कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीचं काम पाहतात. हे सगळं त्यांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, धाकट्यांचं घालू या की. पण थोरल्यांनी जाहीरनाम्यावर चाकरी सोडली, हे कशाला? लोक फितूर म्हणतील." मी म्हटलं, "दादा, मग सनदेचा फोटोही काढून टाका." ते गप्प बसले.

थोरल्यांना फितूर म्हणायला मी तयार नाही. त्यांच्या मागे म्हातारी आई होती, घर होतं, नांगराखालची जमीन होती, आणि ज्या धन्यासाठी लढायचं तोच मुलूख सोडून चालला होता. पण ज्या अटीवर जमीन राहिली ती अट लपवली, तर त्यांचा निर्णयच पुसला जातो. त्या जमिनीच्या उत्पन्नावर चार पिढ्या शिकल्या. मीही त्यांतलीच.

अशी बाजू न लपवता नोंदवणारे लोक आहेत. अमेरिकेत वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या, तेव्हा राजाशी एकनिष्ठ राहिलेले हजारो लोक हरले आणि घरदार सोडून नोव्हा स्कोशिया, क्यूबेककडे गेले. ब्रिटिश सरकारने १७८३ मध्ये त्यांच्या नुकसानीचे दावे ऐकायला आयोग नेमला. काय गमावलं याचे त्यांचे अर्ज लंडनजवळ क्यूच्या अभिलेखागारात आजही वाचता येतात. १७८९ मध्ये लॉर्ड डॉर्चेस्टरने या कुटुंबांना मानाची खूण ठरवून दिली. आजही कॅनडात पिढीगणिक पुरावे जोडून वंशज नावापुढे 'यू. ई.' अक्षरं लावतात. पूर्वज कोणाच्या बाजूला होता, हे तिथे पहिल्या ओळीत येतं. १७८३ मध्येच न्यू यॉर्कहून जहाजांवर चढलेल्या सुमारे तीन हजार काळ्या माणसांची यादीही झाली होती. नाव, वय, आधी कोणाचे गुलाम होते, असं सगळं. त्या वहीवरून आज त्यांचे वंशज आपली मुळं शोधतात.

आमच्या वहीतल्या कुणबिणीला, म्हणजे दासीला, नावही नाही. ती बाजीरावांशी एकनिष्ठ होती की थोरल्यांशी, हा प्रश्नच तिला कोणी घातला नसेल. नेलं तिथे ती गेली. मला ती अर्धी ओळ धाकट्यांच्या नावाखाली जशीच्या तशी छापून हवी आहे. कुलवृत्तान्त काढणाऱ्या प्रत्येक मंडळाकडे माझं हेच मागणं आहे : सनद असेल तर कोणी, कोणत्या साली, कशाबद्दल दिली ते लिहा, आणि घराबरोबर जे राबले त्यांचा कागदात जेवढा उल्लेख असेल तेवढा ठेवा.

दिल्लीतल्या मराठी वाचकांना आणखी एक सांगायचं आहे, आणि ते घाईचं आहे. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगरच्या जुन्या क्वार्टर पडल्या. आपल्यातले कितीतरी जण निवृत्त होऊन पुण्या-नाशिकला परतताहेत आणि क्वार्टर सोडायच्या आठवड्यात ट्रंका कबाड्याला जातात. ट्रंकेत मोडी कागद असेल आणि वाचता येत नसेल, तर आधी सरळ उजेडात त्याचा फोटो काढा, पाठपोट दोन्ही बाजूंनी. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांतून शिकलेली माणसं आज पुण्या-मुंबईत आहेत, ती वाचून देतात. माझ्या चार ओळी अशाच एका बाईंनी फोनवर वाचून दाखवल्या. कुणबिणीची अर्धी ओळही त्यांनाच दिसली. मी ती डाग समजून फोटोतून कातरणार होते.