एक नाव, तीन वाटा

देगलूर हे तीन भाषांच्या सीमेवरील गाव. येथील बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही कानी पडते. अशा गावातील शाळेतही हजेरी घेताना एकाच नावाच्या दोन-तीन मुली निघतात. मग एकीला थोरली व दुसरीला धाकटी म्हटले की काम भागते. इतिहासात मात्र एवढ्याने भागत नाही. महाराष्ट्रात रमाबाई नावाच्या तीन थोर स्त्रिया होऊन गेल्या. नाव एकच असल्यामुळे कित्येकदा एकीचे कार्य दुसरीच्या नावावर सांगितले जाते. हा तिघींवरही अन्याय होय.

पहिल्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील रानात झाला. संस्कृत त्या आपल्या आईकडून शिकल्या. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील निवर्तले, तेव्हा भावासह शेकडो कोस पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. पुढे वैधव्य आले, तरी त्या खचल्या नाहीत. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन स्थापन केले आणि नंतर केडगाव येथे शेकडो निराधार स्त्रियांना आसरा दिला. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणून अनेक सुधारक त्यांच्यापासून दूर गेले. मतभेद असू शकतात. परंतु त्यामुळे त्यांनी सावरलेली आयुष्ये खोटी ठरत नाहीत.

दुसऱ्या रमाबाई रानडे. यांचे माहेरचे नाव यमुना. रमा हे नाव सासरी मिळाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पत्नीला शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते मुळीच रुचले नाही. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, तेव्हा त्यांच्या सभेस जाणाऱ्या या रमाबाईंना घरी बोलणी खावी लागली. त्यांनी कोणाला उलट उत्तर दिले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभारले. तेथे स्त्रियांना शिक्षण मिळाले आणि स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळही मिळाले.

तिसऱ्या रमाबाई आंबेडकर. त्यांचा जन्म दापोलीजवळील वणंद गावी झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशी शिकत असता त्यांनी गोवऱ्या थापून घर चालविले. चार अपत्यांचे मृत्यू त्यांनी सोसले. तरीही पतीच्या विद्याभ्यासात आपल्या दुःखाचा अडथळा येऊ दिला नाही. १९३५ साली त्या वारल्या. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

या तिघींत श्रेष्ठ कोण, असे कोणी विचारील. कोणी म्हणेल, एकीने ग्रंथ लिहिले, दुसरीने संस्था काढली, तिसरीने मात्र केवळ संसार केला. हा हिशेब बरोबर नाही. ज्या घरी पाटी-पेन्सिल पोहोचलीच नाही, त्या घरातील स्त्रीला ग्रंथांच्या मापाने मोजणे म्हणजे कोरड्या विहिरीवर बसलेल्या माणसाला पोहता येत नाही म्हणून हिणविण्यासारखे आहे. माणूस कोठे पोहोचला एवढेच पाहू नये. तो कोठून निघाला आणि वाटेत त्याने काय सोसले, हेही पाहावे.

तिसऱ्या रमाबाईंच्या वाट्यास न आलेली पराक्रमाची गोष्ट रचून त्यांच्या नावावर घालणे, हाही त्यांचा सन्मान नव्हे. जे त्यांनी खरोखर केले, तेच पुरेसे मोठे आहे. म्हणून ‘रमाबाई’ हे नाव निघताच ‘कोणत्या?’ असे विचारावे आणि उत्तर नीट जाणून घ्यावे. नाव आईबाप ठेवतात, कधी सासरची माणसे बदलतात. त्या नावाला अर्थ मात्र ज्याचा त्यानेच आपल्या कृतीने द्यावयाचा असतो.