वहिनी उभ्या, भाऊ बोलणार

प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजीतल्या भाऊंना एकाएकी वहिनींची आठवण झाली. ‘भाऊ, यंदा वहिनीले उभं करा’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडायचा अवकाश, की अंगठ्यांचा पाऊस. बाई निवडून येईल का, तिला नगर परिषदेतले काय कळते, तिने प्रचाराला किती फिरावे, सगळा खल पुरुषांचा. जिच्याबद्दल हे चालले आहे ती ग्रुपमध्येच नाही. असलीच, तर ‘गुड मॉर्निंग’च्या फुलापलीकडे तिने काही टाकले की अ‍ॅडमिनसाहेब फोन तिच्या नवऱ्याला करतात!

स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा देण्याचा निर्णय २०११ चा. तरी चर्चा अजून तीच: महिलांनी पुढे कसे यावे? आणि ती करणार कोण, तर व्यासपीठावरचे पाच पुरुष. सूत्रसंचालनाला एक ताई. बाईविषयी बाईला विचारा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मार्च २०२५ मध्ये छत्तीसगडच्या परसवारा गावात निवडून आलेल्या सहा महिलांऐवजी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली, तेव्हा आपण हसलो. आपल्याकडे काय वेगळे आहे? बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा, बैठकीत खुर्ची त्याची, सहीपुरती फाईल घरी. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. किती गावांत ती रजिस्टरबाहेर भरते?

‘लाडकी बहीण’ योजनेचेही तेच. २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तेव्हा नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला. पैसे तिचे, खाते तिचे, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. शेतकरी आत्महत्यांच्या या जिल्ह्यात जिचा नवराही गेला आणि बापही गेला, तिने ओटीपी कुणाचा आणायचा होता? हा प्रश्न नियम करताना पडायला हवा होता. त्या टेबलावर अशी एखादी बाई असती, तर पहिल्या मिनिटाला पडला असता.

साहित्यवाले तरी कुठे वेगळे? मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या ९८ अधिवेशनांत महिला अध्यक्ष सहा. त्यांतल्या अरुणा ढेरे आपल्या यवतमाळात, २०१९ मध्ये. त्याच संमेलनाचे उद्घाटन एका शेतकऱ्याच्या विधवेने केले आणि भल्याभल्यांना ऐकत बसवले. तिला बोलायला कुणी भाऊ लागला नाही.

पक्षांनी तिकीट देताना एकच अट घालावी: अर्ज जिचा, सभेत भाषणही तिचेच. आणि मतदारहो, भाऊ एकटेच हात जोडून दारात आले, तर चहा जरूर पाजा. पण आधी विचारा, उमेदवार कुठे आहेत?