कनेक्शनं दोन, पण वाट एकच?

चेन्नईत नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबाला वेलचेरी सोयीचं वाटतं. ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या आयटी कंपन्या जवळ, लोकलचं स्टेशनही हाताशी. पण जमीन सखल आणि शेजारी पल्लिकरणैची दलदल. डिसेंबर २०१५च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३च्या मिचौंग वादळात इथल्या रस्त्यांवरून होड्या फिरल्या. वीज गेली, अनेकांचे फोन मुके झाले. गावाकडे आई-वडील टीव्हीवर ते पाणी पाहत होते आणि ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढं कळवणंही कित्येकांना कठीण झालं होतं.

आता तर मुलांचा क्लास, ऑफिसची मीटिंग, बँकेचं काम सगळं इंटरनेटवरच. म्हणून पुष्कळ जण दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतात. एक बंद पडलं तरी दुसरं आहेच! पण खरंच असतं का?

एकदा खाली उतरून वर बघा. दोन्ही तारा एकाच खांबावरून, एकाच झाडाखालून येत असतील, तर फांदी पडताच दोन्ही तुटणार. बिलं दोन, वाट मात्र एक! त्यामुळे एक कनेक्शन फायबरचं आणि दुसरं बिनतारी, म्हणजे मोबाइल टॉवरवरून येणारं, असं असलेलं बरं. चेन्नईत सप्टेंबर २०२३पासून घरासाठी ५जी एअरफायबरही मिळू लागलं.

दुसरी गोष्ट विजेची. दिवे गेले की राउटर आणि फायबरची डबी दोन्ही बंद. त्यांना छोटा यूपीएस जोडला, तर काही तास निभावतात.

दोन्ही राउटर नुसत्या केबलनं एकमेकांना जोडू नका. दोघेही घरातल्या फोनना पत्ते वाटू लागतात आणि गोंधळ होतो. दोन कनेक्शनं घेणारा ‘ड्युअल वॅन’ राउटर मिळतो. एक बंद पडलं की तो आपोआप दुसरं सुरू करतो. मात्र त्या क्षणी चालू कॉल तुटू शकतो. तेवढा खर्च नको असेल, तर दोन वायफायना वेगळी नावं द्या आणि घरातल्या आजींनाही ती बदलायला शिकवा.

आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही, ही तक्रार घरोघरची. त्यासाठी तिसरं कनेक्शन नको. आधी राउटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच ठेवा. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण भिंतीपुढे दमतो, २.४चा हळू, पण लांब जातो. रिपीटर लावायचाच, तर सिग्नल संपतो तिथे नव्हे, अर्ध्या वाटेवर लावा. तरी साध्या रिपीटरनं वेग जवळपास निम्मा होतो. आतल्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणं सर्वांत उत्तम.

एवढं करूनही मोठ्या पुरात टॉवरही बंद पडू शकतात. म्हणून एक बिनखर्चाची सोय करून ठेवा. शहराबाहेरचा एक नातेवाईक ठरवा. संकटात सगळ्यांनी त्यालाच निरोप द्यायचा. कॉल लागला नाही तर साधा एसएमएस पाठवायचा. त्याचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. मोबाइलची बॅटरी संपली, तरी तो कागद शेजाऱ्याच्या फोनवरून उपयोगी पडेल.