घरखर्चाचें गणित : हायब्रिड पिकअप ट्रक परवडेल काय ?

वस्तु विकत घेतांना तिची किंमत सर्वांस दिसते. ती बाळगण्याचा खर्च मात्र ती घरांत आल्यावरच दिसूं लागतो. या महिन्यांत सांगलीच्या एका वाचक भगिनींनीं अशाच एका वस्तूविषयीं विचारणा केली आहे. त्यांचे धाकटे दीर सपत्नीक अमेरिकेंत टेक्सासमध्यें राहतात. नव्या घराच्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, पुढील वर्षीं आईवडिलांस कांहीं महिने तिकडे न्यावयाचें आहे, आणि अशांत त्यांच्या मनांत हायब्रिड पिकअप ट्रक भरला आहे. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "कचेरींत जाणाऱ्या माणसाला ट्रक हवा कशाला ?" यांत खरें कोणाचें, असा भगिनींचा प्रश्न आहे.

प्रथम वस्तु समजून घेऊं. पिकअप म्हणजे पुढें माणसांची जागा व मागें सामानाचा उघडा हौदा असलेली गाडी. तिच्या हायब्रिड प्रकारांत पेट्रोलच्या एंजिनाच्या जोडीस विजेची मोटर व बॅटरी असते. ब्रेक लावतांना एरवीं उष्णतेच्या रूपानें वाया जाणारी शक्ति कांहीं अंशीं बॅटरींत सांठते आणि पुन्हा निघतांना उपयोगीं पडते. म्हणून जेथें वारंवार थांबावें लागतें, त्या शहरी रस्त्यांवर हिचा लाभ अधिक. फोर्ड कंपनीनें २०२१ सालीं जाहीर केलेला मॅव्हरिक हा लहान ट्रक उदाहरणादाखल घेऊं. त्याच्या २०२२ च्या हायब्रिड नमुन्याचे सरकारमान्य आंकडे असे : गॅलनमागें शहरांत ४२ मैल, हमरस्त्यावर ३३, सरासरी ३७. त्याच ट्रकाचा निव्वळ पेट्रोलवर व पुढच्या चाकांच्या जोरावर चालणारा प्रकार सरासरी २६ मैल देतो. आपल्या मापानें हे आंकडे लिटरमागें सुमारें पावणेसोळा व अकरा किलोमीटर होतात.

आतां वही उघडूं. वर्षाची धांव १२,००० मैल धरल्यास हायब्रिडला सुमारें ३२४ गॅलन पेट्रोल लागेल व दुसऱ्यास ४६१. बचत १३७ गॅलनांची. गॅलनचा दर ३ डॉलर धरला, तर वर्षाला ४११ डॉलर वांचले. हायब्रिडसाठीं १,५०० डॉलर जास्त मोजावे लागले असें समजा. ते पावणेचार वर्षांच्या आंत फिटतात. परंतु धांव ४,००० मैलांचीच असेल, तर बचत १३७ डॉलरांवर येते आणि तीच रक्कम फिटावयास अकरा वर्षें लागतात. कर्जाचें व्याज यांत धरलेलें नाहीं. बॅटरीची धास्ती मात्र फारशी नको. हायब्रिड भागांवर कंपनी ८ वर्षें किंवा १,००,००० मैल, यांपैकीं जें आधीं भरेल तोंवर हमी देते.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. हा हिशेब हायब्रिड घ्यावा कीं न घ्यावा, एवढेंच सांगतो. ट्रक घ्यावा कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं. मॅव्हरिकचा हौदा साडेचार फूट लांब. २०२२ च्या नमुन्यास दीड हजार पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारें ६८० किलो भार चालतो. बागेची माती, लांकूडसामान, जुनें कपाट यांस तो उत्तम. पण विमानतळावरून आईवडिलांस आणतांना त्यांच्या बॅगा त्याच उघड्या हौद्यांत पावसांत भिजतील. झांकण घ्यावयाचें तर त्याचा खर्च निराळा.

याहून मोठा ट्रक घ्यावा, असाहि मोह होतो. फोर्डच्याच एफ-१५० हायब्रिडमध्यें घराला वीज पुरविण्याची सोय आहे. फेब्रुवारी २०२१ मध्यें टेक्सासांत थंडीच्या लाटेनें वीज गेली, तेव्हां कांहीं मालकांनीं तिच्यावर घरांतील उपकरणें चालविलीं. सोय खरीच मोलाची. परंतु चार चाकांच्या जोराचा हा २०२१ चा ट्रक गॅलनमागें २४ मैलच देतो, आणि त्याची पायरी वृद्धांच्या गुडघ्यांस जड जाते. वर्षांतून एखाद्या संकटासाठीं स्वतंत्र लहान जनित्र घेणें पुष्कळ स्वस्त.

तेव्हां भाऊजींस असें लिहावें : गेल्या वर्षांत हौद्याची गरज किती दिवस पडली, तें आठवून कागदावर मांडा. तिकडे सामानसुमानाच्या मोठ्या दुकानांतून ट्रक तासांच्या भाड्यानें मिळतो. गरज वर्षांतून पांचसहा दिवसांचीच असेल, तर भाडें द्यावें, साधी हायब्रिड मोटार घ्यावी आणि उरलेल्या पैशांत आईवडिलांच्या तिकिटांची व आजारपणाच्या विम्याची तरतूद करावी. दर आठवड्यास ओझें वाहावयाचें असेल आणि रोजची धांव शहरांतील व लांबची असेल, तर लहान हायब्रिड ट्रक हा शहाणा सौदा आहे. मग वडील मंडळींनींहि त्यास नांवें ठेवूं नयेत. निर्णय अर्थात् भाऊजींच्या वहींतले आंकडेच करतील.