रकान्यातला सुडो

जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलचे सर्व्हर सांभाळणाऱ्या वाचकाचं पत्र समोर आहे. सुडोतल्या सीव्हीई-२०२५-३२४६३ या त्रुटीचा पॅच त्यांनी जुलै २०२५ मध्येच चढवला होता. उबंटू २४.०४, ॲप्टने, रीतसर. तरी ऑडिटमध्ये नापास! ऑडिटरच्या तक्त्यात ‘आवश्यक आवृत्ती’ असा एकच रकाना, त्यात १.९.१७पी१. यांचं मशीन सांगतं १.९.१५पी५. डिस्ट्रो दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच बॅकपोर्ट करते आणि बदलते ती फक्त पॅकेज क्रमांकाची शेपटी, हे तुम्हाआम्हाला पाठ आहे. तक्ता भरून घेणाऱ्याला नाही. चेंजलॉग छापून जोडला, तर उत्तर मिळालं, ‘जोडपत्राची तरतूद नाही.’

शेवटी वैतागून त्यांनी सुडो सोर्सवरून कंपाइल करून यूएसआर-लोकलमध्ये टाकला. रकाना हिरवा झाला. आता त्या मशीनवर दोन सुडो नांदतात, आणि नव्याला ॲप्ट ओळखतच नाही. पुढची दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोचणार कशी? ज्यांनी पॅकेज न सुधारताच हा उद्योग केला, त्यांच्याकडे तर यूएसआर-बिनमधला जुना सेटयूआयडी सुडो तसाच बसलाय. घुसणारा पूर्ण पाथ देऊन त्यालाच हाक मारेल. सुरक्षेच्या तक्त्याने मशीन अधिक असुरक्षित केलं, आणि त्यावर शिक्का ‘पूर्तता’!

ऑडिटरवर चिडताना आपल्यातल्यांनाही सोडवत नाही. ‘त्रुटी लोकल आहे ना, मग मिलमध्ये येऊन कोण बसणार?’ असं अजून विचारलं जातं. अहो, वजनकाट्यावर तिन्ही पाळ्यांना मिळून एकच लॉगिन, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. बिलिंगच्या जुन्या पीएचपी पानातून शिरलेलाही लोकलच असतो. इथे तर सुडोअर्समध्ये नाव असण्याचीही गरज नव्हती: ‘-आर’ने आपलं फोल्डर रूट म्हणून दाखवायचं, सुडो तिथली एनएसस्विच फाइल वाचतो आणि आपली लायब्ररी रूटच्या अधिकाराने चालवतो. १.९.१४ च्या आधीची मशीनं यातून वाचली, पण त्याचं श्रेय आळसाला देऊ नये. ३० जून २०२५ ला याच त्रुटीबरोबर जाहीर झालेली होस्ट पर्यायाची त्रुटी जुन्या मशीनांतही होती, बारा वर्षं मुरलेली.

शिवाय या त्रुटी आपली सुट्टी बरोबर गाठतात. सुडोमधलीच बॅरन सॅमेडिट २६ जानेवारी २०२१ ला रात्री साडेअकराला आली, पीकेएक्झेकमधली पॉनकिट २५ जानेवारी २०२२ ला रात्री साडेदहाला. दोन्ही क्वालिसने शोधलेल्या. पहिली २०११ पासून पडून, दुसरी २००९ पासून. २०२२ च्या झेंडावंदनाहून परतल्यावर किती जणांनी टर्मिनल उघडलं होतं?

तेव्हा मंडळी, पुढच्या तक्त्यात पॅकेज क्रमांक शेपटीसकट लिहा. नापास करतात तर करू देत. ते नापासाचं पत्र आणि चेंजलॉग आमच्याकडे पाठवा, नावं झाकून शेजारी शेजारी छापू. आणि आज रात्री काट्यावरून शेवटची गाडी उतरली की ‘विच -ए सुडो’ चालवा. यूएसआर-लोकलची ओळ दिसली, तर आधी पॅकेज सुधारा, मग ती प्रत काढून टाका.