पसंतीचं घर म्हणजे फक्त पसंतीचा मजला?

सिडकोने २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना काढली. नाव ठेवलं ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’. कुठली इमारत, कितवा मजला, कोणता फ्लॅट, हे अर्जदाराने पसंतीक्रमाने कळवायचं. पसंती तिथेच संपते. उद्या लग्न झालं, आईवडील गावाहून राहायला आले, घरात शिकवणी सुरू करायची ठरली, तरी घर आहे तेवढंच. आजकाल टॉवरच्या भिंतीही मायवान किंवा प्रीकास्ट पद्धतीने काँक्रीटच्याच असतात. खिळा ठोकायचा तर ड्रिल आणा. भिंत पाडायची म्हणजे अख्ख्या इमारतीच्या आधारालाच हात घालणं.

याच सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ दरम्यान सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं. पनवेलहून लोकलने चौथं स्टेशन. आपल्यातले निम्मे लोक रोज त्याच्याजवळून ऑफिसला जातात, बघायला कुणी उतरत नाही. सुमारे साडेपाच हेक्टर जागा, साधारण ५५० कुटुंबं. आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात घरं. असे तीन गट एकत्र आले की २१ घरांना मिळून आणखी मोठं अंगण. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे लहान घरवाला आणि मोठं घरवाला यांच्यात फारसा फरक नाही आणि दोघंही एकाच अंगणात. (आजच्या अर्जात ‘अत्यल्प’ आणि ‘अल्प’ उत्पन्न गटांचे रकाने आधीच वेगळे असतात.)

पण खरी गोम भिंतीत आहे. शेजारच्या घराची आणि आपली भिंत एक नाही. पाइपांचा खर्च वाचावा म्हणून संडास तेवढे जोडीने बांधले, बाकी घर सुटं. म्हणजे शेजाऱ्याला न विचारता, त्याच्या छताला धक्का न लावता तुम्ही तुमचं घर वाढवू शकता. मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे याला चांगलं डिझाइन म्हणतात. पहिल्या दिवशी सगळं द्यायचं नाही, पण पुढे जे लागेल त्याची वाट बंद करायची नाही.

लोकांनी घरं वाढवली. कौलं काढून स्लॅब टाकले, मजले चढवले, बरीच मूळ घरं पाडून नवी बांधली. यावर आर्किटेक्चरवाली मंडळी हळहळतात. इन्स्टावर ब्लॅक अँड व्हाइट फोटो टाकतात, खाली तुटलेल्या हृदयाचा इमोजी. मला हे रडगाणं अजिबात पटत नाही. घर बदलता यावं म्हणूनच ते तसं आखलं होतं. कौलं गेली तर जाऊ देत. चाळीस वर्षांनीही प्लॉट, गल्ल्या आणि अंगणं जागेवर आहेत. त्या अंगणात आता गाड्या लागतात, ही तक्रार मात्र रास्त आहे.

दुसरी मंडळी विचारतात, “एवढी जमीन आहे कुठे?” हिशोब करा. ५५० घरं साडेपाच हेक्टरात, म्हणजे एकरी चाळीस. तेही डोक्यावर स्वतःचं आभाळ ठेवून. टॉवर यापेक्षा जास्त घरं बसवतो, मान्य. पण लिफ्ट, पंप, पार्किंगचे मजले यांचा मेंटेनन्स महिन्याला कोण भरतो? आणि जमिनीवर घर जमत नसेल तर मधला रस्ताही इथलाच आहे. राज रेवाल यांनी १९८८ ते ९३ मध्ये नेरूळला सिडकोसाठीच हजारेक घरं बांधली, कमी मजल्यांची, एकावर एक रचलेली, खालच्याचं छत ते वरच्याची गच्ची. तो प्रयोगही पुस्तकांत जाऊन बसला.

आणि जमीन कुठून आली, तेही आठवू. ९५ गावांची जमीन सार्वजनिक कामासाठी म्हणून संपादित झाली. आर्टिस्ट्स व्हिलेजचं काम चालू होतं त्याच काळात, जानेवारी १९८४ मध्ये, जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यातूनच साडेबारा टक्क्यांची योजना आली. अशा जमिनीवर खाजगी बिल्डरचंच गणित मांडायचं, एकरी किती फ्लॅट आणि किती दर, तर मग सिडको हवी कशाला?

सगळे टॉवर पाडा असं कुणी म्हणत नाही. तळोजा, पुष्पकनगर, उलवे भागात पुढची योजना काढाल तेव्हा दहातला एक भूखंड असा ठेवा: ५० मीटरचा प्लॉट, एक पक्की खोली, संडास, पाण्याचं कनेक्शन, सुटी भिंत. आणि वाटपपत्रातच लिहून द्या की वरचा मजला कधी आणि किती चढवता येईल. नकाशे शोधायला लांब जावं लागणार नाही. सिडको भवनही बेलापुरातच आहे.